दुसऱ्या क्रमांकाची किंमत : स्कॉटिश चॅम्पियनशिपचा हिशेब

२०२४ च्या मे महिन्यातल्या एका गुरुवारी संध्याकाळी कर्कॉडीच्या स्टार्क्स पार्क मैदानावर आमचा रेथ रोव्हर्स हा फुटबॉल संघ रॉस काउंटीकडून १-२ असा हरला आणि त्यानंतरच्या रविवारी त्यांच्या डिंगवॉल गावी ०-४ असा. छत्तीस सामन्यांत ६९ गुण मिळवून, स्कॉटलंडच्या दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, दुसरा क्रमांक पटकावून आणि बढतीसाठीच्या प्ले-ऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद सामन्यांच्या, उपांत्य फेरीत पार्टिक थिसलला पेनल्टींवर हरवून आम्ही तिथवर पोहोचलो होतो. आणि ज्या अव्वल श्रेणीतून रेथ १९९७ मध्ये खाली आले होते, तिचे दार दोन सामन्यांत सहा गोल खाऊन पुन्हा बंद झाले. डिंगवॉलहून परतताना माझ्या शेजारी बसलेले एक वयस्कर गृहस्थ, जे गेली कित्येक वर्षे माझ्या पुढच्याच रांगेत बसतात, एवढेच म्हणाले की दुसरा क्रमांक हा या देशातला सगळ्यात महागडा क्रमांक आहे. त्या बोलण्यात वैताग किती आणि तथ्य किती, हे पाहण्यासाठी मी घरी येऊन एक वही काढली आणि चॅम्पियनशिपच्या प्रत्येक हंगामाचा शेवट तीत मांडायला सुरुवात केली. २०२५-२६ चा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर त्या वहीत काय निघाले होते ते इथे लिहून ठेवतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठेच्या आणि तालमीच्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडणारी माणसे पाहतच वाढलो, त्यामुळे कर्कॉडीत राहायला आल्यावर रेथच्या मागे लागणे मला फारसे जड गेले नाही. (रेथ नावाचे गाव अस्तित्वात नाही, संघ कर्कॉडीचा आहे, आणि मैदानाची मुख्य प्रेक्षागृहाची इमारत मैदानाच्या अर्ध्याच लांबीची आहे, या दोन्ही गोष्टींची सवय व्हायला मात्र वेळ लागला.) १९९४ मध्ये दुसऱ्याच श्रेणीत असताना या क्लबने सेल्टिकला पेनल्टींवर हरवून लीग कप जिंकला आणि पुढच्या वर्षी म्युनिकच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर बायर्नविरुद्ध मध्यंतराला १-० अशी आघाडी घेतली, हे इथे शाळकरी पोरालाही पाठ असते. तेव्हा माझा पक्षपात उघड आहे. पुढचे आकडे मात्र पक्षपाती नाहीत.

आधी रचना सांगतो, कारण सगळे गणित तिच्यातच दडलेले आहे. २०१३ मध्ये स्कॉटलंडच्या दोन जुन्या लीग संघटना एकत्र येऊन सध्याची व्यावसायिक लीग स्थापन झाली आणि बेचाळीस क्लब चार श्रेणींत वाटले गेले : वर प्रीमियरशिपमध्ये बारा, आणि खाली चॅम्पियनशिप, लीग वन व लीग टू यांत प्रत्येकी दहा. चॅम्पियनशिपमध्ये प्रत्येक संघ उरलेल्या नऊ संघांशी चार-चार वेळा खेळतो. विजेता थेट वर जातो आणि दहावा थेट खाली. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकांचे संघ घरी आणि बाहेर अशा दोन लढती आपसांत खेळतात, त्यातला विजेता दुसऱ्या क्रमांकाशी दोन लढती खेळतो, आणि त्यातूनही जो तगतो तो प्रीमियरशिपच्या अकराव्या संघाशी अंतिम दोन लढती खेळतो. म्हणजे दुसऱ्या क्रमांकाला वर जायला चार सामने लागतात, तर तिसऱ्या-चौथ्याला सहा, आणि तेही सुमारे चार आठवड्यांच्या आत. खालच्या टोकाला हेच चक्र उलटे फिरते : चॅम्पियनशिपचा नववा संघ लीग वनच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या संघांबरोबर एकाच प्ले-ऑफमध्ये ढकलला जातो. दहापैकी सहा जागांना असा काही ना काही परिणाम चिकटलेला आहे. पाचव्यापासून आठव्यापर्यंतच्या चारच संघांना मे महिन्यात सुट्टीचे बेत आखता येतात. त्यामुळे फेब्रुवारीत सातवा असलेला संघ स्वतःला बढतीच्या शर्यतीत आणि घसरणीच्या संकटात एकाच वेळी समजू शकतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

आता वही. २०१४ पासून २०२५ पर्यंत, कोविडमुळे रद्द झालेले २०२० चे वर्ष सोडून, प्रीमियरशिपच्या जागेसाठी अकरा अंतिम प्ले-ऑफ झाले. त्यातले सात वरच्या श्रेणीतल्या संघाने जिंकले आणि चार चॅम्पियनशिपच्या संघांनी : २०१४ मध्ये हॅमिल्टन, २०१८ मध्ये लिव्हिंगस्टन, २०२१ मध्ये डंडी आणि २०२५ मध्ये पुन्हा लिव्हिंगस्टन. इथवरचे साधारण सगळ्यांना ठाऊक असते. पण लिहिताना माझ्या लक्षात आले की हे चारही संघ आपापल्या हंगामात दुसरे आले होते. तिसऱ्या किंवा चौथ्या क्रमांकाचा एकही संघ या पद्धतीतून २०२५ पर्यंत वर गेलेला नाही. चार जण अंतिम फेरीपर्यंत पोहोचले, २०१५ मध्ये रेंजर्स, २०१७ मध्ये डंडी युनायटेड, २०२२ मध्ये इन्व्हरनेस आणि २०२३ मध्ये पार्टिक थिसल, आणि चौघेही तिथेच अडले. दुसऱ्या क्रमांकाचे अकरा संघ पाहिले तर चार वर गेले, तीन अंतिम फेरीत हरले आणि चार त्याआधीच्या फेरीतच बाद झाले. थोडक्यात, पहिल्या क्रमांकाला बढती शंभर टक्के, दुसऱ्याला तीनातून एकापेक्षा किंचित जास्त, आणि तिसऱ्या-चौथ्याला २०२५ पर्यंत शून्य. वर्तमानपत्रे मार्चमध्ये ज्याला 'प्ले-ऑफच्या जागांची चुरस' म्हणतात, ती बऱ्याच अंशी दोन जास्तीच्या घरच्या सामन्यांच्या तिकीटविक्रीची चुरस असते, असे म्हटले तर इथले लोक माझ्यावर रागावतात; पण वही माझ्या बाजूने आहे.

आणखी एक गोष्ट अशी, की अंतिम प्ले-ऑफची परतीची लढत नेहमी प्रीमियरशिपच्या संघाच्या मैदानावर होते. जे चार संघ वर गेले, त्या सर्वांनी ती परक्या मैदानावरची लढत जिंकूनच बढती मिळवली. हॅमिल्टनने घरी ०-२ अशी हार पत्करली होती आणि ईस्टर रोडवर हिबर्नियनला अगदी शेवटच्या क्षणी केलेल्या गोलसह २-० असे हरवून, मग पेनल्टींवर मात केली. लिव्हिंगस्टनने पार्टिकच्या फरहिलवर १-०, डंडीने किलमार्नॉकमध्ये २-१ आणि २०२५ च्या मे महिन्यात लिव्हिंगस्टनने डिंगवॉलमध्ये ४-२ असा विजय मिळवला. घरच्या पहिल्या लढतीत शिदोरी बांधून घ्यायची आणि ती परतीच्या लढतीत जपून खायची, हा जो बहुतेक प्रशिक्षकांचा विचार असतो, तो या लढतींत कुणालाच तारून गेलेला नाही. फॉल्कर्कने २०१६ मध्ये तसे केले होते. हिबर्नियनला एकत्रित, म्हणजे दोन्ही लढतींचे गोल मिळून, ५-४ असे हरवून ते अंतिम फेरीत आले, किलमार्नॉकविरुद्ध घरची लढत उशिरा केलेल्या गोलवर १-० अशी जिंकली आणि तीन दिवसांनंतर किलमार्नॉकमध्ये ०-४ असे उद्ध्वस्त झाले. तीन वर्षांनी तोच फॉल्कर्क चॅम्पियनशिपमध्ये दहावा येऊन लीग वनमध्ये गेला आणि तिथून वर यायला त्याला पाच हंगाम लागले. त्या ०-४ मुळेच हे सारे घडले असे मी म्हणत नाही. पण दुसऱ्या क्रमांकाचे बिल कधीकधी हप्त्यांनी चुकवावे लागते.

या वहीत मला सर्वांत जास्त वेळ थांबवणारे पान २०२३ चे आहे. त्या हंगामाच्या शेवटच्या संध्याकाळी क्वीन्स पार्क आणि डंडी आमनेसामने होते. क्वीन्स पार्क जिंकले असते तर विजेतेपद आणि थेट बढती त्यांची. डंडीला बरोबरीही पुरली असती. १८६७ मध्ये स्थापन झालेला, २०१९ पर्यंत हौशी खेळाचे व्रत पाळलेला हा क्लब आदल्याच वर्षी लीग वनच्या प्ले-ऑफमधून वर आला होता. सामना ५-३ असा डंडीने जिंकला, आणि एवढ्यावर भागले नाही : त्याच संध्याकाळी एअर युनायटेड गोलफरकाने त्यांच्या पुढे सरकल्यामुळे क्वीन्स पार्क पहिल्याच्या उंबरठ्यावरून थेट तिसऱ्या क्रमांकावर आले, म्हणजे बढतीसाठी लागणारे सामने शून्यावरून सहा झाले. काही दिवसांत पार्टिक थिसलने त्यांना एकत्रित ८-३ असे हरवले.

आणि मग पार्टिकची गोष्ट. चौथ्या क्रमांकाच्या या संघाने क्वीन्स पार्कनंतर एअरला ३-० आणि ५-० असे धुतले, आणि अंतिम फेरीत रॉस काउंटीविरुद्ध घरची लढत २-० अशी जिंकली. डिंगवॉलमध्ये त्यांनी आणखी एक गोल केला, एकत्रित ३-०. शेवटची वीस मिनिटे उरलेली. तिथून रॉस काउंटीने तीन गोल केले, सामना पेनल्टींपर्यंत गेला आणि पार्टिक हरले. सहा सामन्यांत एकोणीस गोल करून बढती न मिळवण्याचा हा पराक्रम दुसऱ्या कुणाच्या नावावर असेल असे मला वाटत नाही. लोक त्या रात्रीबद्दल बोलताना पेनल्टी हुकल्याचे सांगतात. मला वाटते की हार पेनल्टीवर झाली नाही. ती सहाव्या सामन्याच्या सत्तराव्या मिनिटाला झाली, जेव्हा मे महिन्याभरात दर तीन-चार दिवसांनी धावलेले पाय थकले आणि समोरचा संघ मात्र एकच जोडलढत खेळत होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकांतले अंतर गुणतालिकेत एखाद्या गुणाचे किंवा नुसत्या गोलफरकाचे असते. पायांत ते १८० मिनिटांचे असते.

याच्या उलट बाजूला आर्ब्रोथचे उदाहरण आहे, ज्यांना दुसरा क्रमांक मिळूनही उपयोग झाला नाही. २०२१-२२ मध्ये, दिवसा नोकरीधंदा करून संध्याकाळी सराव करणाऱ्या खेळाडूंच्या या संघाने, डिक कॅम्बेल यांच्या हाताखाली, समुद्राच्या लाटांचे तुषार अंगावर येतील इतक्या किनाऱ्यालगतच्या गेफील्ड मैदानावर, पूर्णवेळ क्लबांना हंगामभर दमवले. शेवटून दुसऱ्या आठवड्यात त्यांचा सामना थेट किलमार्नॉकशी होता. ब्लेअर अल्स्टनच्या अखेरच्या मिनिटांतल्या गोलवर किलमार्नॉकने तो २-१ असा जिंकून विजेतेपद निश्चित केले. हंगाम संपला तेव्हा किलमार्नॉकचे ६७ गुण होते आणि आर्ब्रोथचे ६५. उपांत्य फेरीत इन्व्हरनेसविरुद्ध दोन्ही लढती गोलशून्य राहिल्या. घरच्या लढतीत समोर नऊच खेळाडू उरले असतानाही आर्ब्रोथला गोल सापडला नाही आणि पेनल्टींवर सारे संपले. दोन वर्षांनी ते शेवटचे येऊन लीग वनमध्ये गेले. एकेका प्रतिस्पर्ध्याशी हंगामात चार सामने, म्हणजे बारा गुणांचा व्यवहार असतो. आणि म्हणून या श्रेणीत गुणतालिका पाहताना मी आता एकूण गुणांपेक्षा आधी हे पाहतो की शेजारच्या संघांशी कुणाचे किती सामने शिल्लक आहेत.

हॅमिल्टनबद्दल एक गंमत राहून गेली. २०१४ च्या शेवटच्या दिवशी त्यांनी मॉर्टनला १०-२ असे हरवले आणि तरीही विजेतेपद गेले, कारण त्याच वेळी डंडीने डंबार्टनला २-१ असे हरवले होते. एवढे करूनही दुसरे आलेल्या त्या संघाने प्ले-ऑफमधून आपली जागा घेतलीच.

विजेता कोण होतो, या प्रश्नाला अलीकडच्या काळात एकच ठरीव उत्तर होते. २०२१ ते २०२४ अशी सलग चार वर्षे आदल्या हंगामात प्रीमियरशिपमधून घसरलेल्या संघानेच चॅम्पियनशिप जिंकली : हार्ट्स, किलमार्नॉक, डंडी आणि डंडी युनायटेड, याच क्रमाने. त्याआधी २०१९ मध्ये रॉस काउंटीने हेच केले होते. कारणे उघड आहेत. खाली येणाऱ्या क्लबाला धक्का सोसण्यासाठी लीगकडून काही रक्कम मिळते, काही खेळाडूंचे करार शिल्लक असतात, आणि प्रेक्षकसंख्या एका उन्हाळ्यात ओसरत नाही. ही साखळी २०२४-२५ च्या हंगामात फॉल्कर्कने तोडली. जॉन मॅकग्लिन यांच्या संघाने २०२३-२४ मध्ये लीग वनचे छत्तीसही सामने न हरता पार केले, पुढच्याच वर्षी शेवटच्या दिवशी हॅमिल्टनला ३-१ असे हरवून चॅम्पियनशिप घेतली आणि पंधरा वर्षांनी अव्वल श्रेणी गाठली. हे मॅकग्लिन पूर्वी आमच्याकडे होते, हे इथे नमूद केल्यावाचून मला राहवत नाही. साखळी तुटली तरी घसरलेला संघ परतलाच : लिव्हिंगस्टन दुसरे आले आणि प्ले-ऑफमधून गेले.

मात्र घसरणाऱ्या सर्वांना हे साधत नाही. हिबर्नियनला तीन हंगाम लागले (दरम्यान २०१६ मध्ये त्यांनी ११४ वर्षांनी स्कॉटिश कप जिंकला, पण बढती हुकलीच), डंडी युनायटेडला पहिल्या खेपेला चार हंगाम लागले, आणि २०१७ मध्ये खाली आलेले इन्व्हरनेस तर आणखी खाली गेले. जे संघ थेट नव्हे तर प्ले-ऑफ हरून घसरले, त्यांचा विचार मी वेगळा करतो. असे मागचे तीन : हिबर्नियन, पार्टिक आणि किलमार्नॉक. त्यांपैकी फक्त किलमार्नॉक लगेच परतले. मे महिना संपत आला तरी पुढच्या वर्षी आपण कोणत्या श्रेणीत असू हे ज्या क्लबाला ठाऊक नसते, त्याला खेळाडूंशी कोणत्या पगाराचे बोलणे करावे हेही ठरवता येत नाही, आणि जुलैमध्ये तर लीग कपचे गटसामने सुरू होतात.

खालच्या टोकाचा हिशेब मला अधिक अस्वस्थ करतो, कारण रेथने तो स्वतः भोगला आहे. २०१७ मध्ये आम्ही नववे आलो आणि ब्रेकिनकडून पेनल्टींवर हरून लीग वनमध्ये गेलो. ब्रेकिन वर आले, आणि पुढच्या हंगामात छत्तीस सामन्यांत एकही विजय न मिळवता चार गुणांवर परत गेले; म्हणजे आमची जागा ज्यांनी घेतली त्यांना ती एकदाही वापरता आली नाही. नववा संघ आपल्यापेक्षा खालच्या श्रेणीतल्या संघांशी खेळतो, तेव्हा त्याचे पारडे जड असावे असा समज असतो. अकरा वर्षांत नवव्या क्रमांकाचे पाच संघ वाचले आणि सहा बुडाले. प्रीमियरशिपचा अकरावा अकरापैकी सात वेळा वाचतो, चॅम्पियनशिपचा नववा पाचच वेळा. फरकाचे कारण माझ्या मते सोपे आहे : अकराव्याला थकलेल्या एका संघाशी दोनच सामने खेळायचे असतात, तर नवव्याला उपांत्य फेरीपासून, हरण्याची सवय लागलेल्या अवस्थेत, जिंकण्याची सवय लागलेल्यांशी चार सामने खेळावे लागतात.

जे वाचतात त्यांचेही फारसे बरे होत नाही. २०१४ मध्ये वाचलेले काउडनबीथ पुढच्या वर्षी दहावे आले, २०१५ मध्ये वाचलेले अलोआ पुढच्या वर्षी दहावे आले, आणि २०१९ मध्ये आम्हालाच अंतिम फेरीत हरवून वाचलेले क्वीन ऑफ द साउथ पुढच्या वर्षी पुन्हा नववे होते, तेवढ्यात हंगामच थांबला. २०२१ मध्ये वाचलेले मॉर्टन तेवढे सावरले.

थांबलेल्या त्या हंगामाबद्दल बोलताना मला जरा अवघडल्यासारखे होते. एप्रिल २०२० मध्ये क्लबांच्या मतदानाने ठरले की उरलेले सामने न खेळता प्रत्येक सामन्यामागच्या सरासरी गुणांवर क्रम लावायचा. डंडी क्लबाच्या आधी विरोधी आणि मग बदललेल्या मतामुळे ते मतदान बरेच दिवस गाजले. पार्टिक थिसल तेव्हा क्वीन ऑफ द साउथपेक्षा दोन गुणांनी मागे होते आणि एक सामना कमी खेळले होते. तो एक सामना त्यांना कधीच खेळायला मिळाला नाही आणि ते खाली गेले. त्यांनी हार्ट्सच्या साथीने लवादापर्यंत लढा दिला, पण निर्णय बदलला नाही. त्याच ठरावाने लीग वनमध्ये फॉल्कर्कच्या एका गुणाने पुढे असलेल्या रेथला विजेता ठरवले आणि आम्ही चॅम्पियनशिपमध्ये आलो. अन्याय झाला असे पार्टिकचे चाहते म्हणतात तेव्हा मी मान डोलावतो आणि विषय बदलतो.

बढती मिळवणे आणि ती पदरात पडणे या दोन गोष्टी इथे नेहमीच एक नव्हत्या. २००३ मध्ये फॉल्कर्कने दुसरी श्रेणी जिंकली होती, पण दहा हजार आसनांची तेव्हाची अट त्यांचे जुने ब्रॉकव्हिल मैदान पुरी करत नव्हते, म्हणून त्यांना वर घेतलेच नाही. पुढच्या वर्षी इन्व्हरनेसला वर जाण्यासाठी काही काळ अॅबर्डीनच्या मैदानावर 'घरचे' सामने खेळावे लागले. ती अट नंतर सहा हजारांवर आली. आता नवी अट गवताची आहे : २०२६-२७ पासून प्रीमियरशिपमध्ये कृत्रिम गवत चालणार नाही, असे त्या श्रेणीतल्या क्लबांनी २०२४ मध्ये ठरवले. स्टार्क्स पार्कवर कृत्रिमच गवत आहे, त्यामुळे आमच्यासाठी बढतीचा अर्थ नवे मैदान घालण्याचा खर्च असाही आहे.

तर २०२५-२६ च्या हंगामाकडे या वहीतून पाहिले तर काय दिसते? वरून सेंट जॉन्स्टन आणि रॉस काउंटी आले आहेत, खालून आर्ब्रोथ. बाकीचे सात जुनेच : एअर, पार्टिक, रेथ, मॉर्टन, डन्फर्मलिन, क्वीन्स पार्क आणि एअर्ड्रिओनियन्स.

पहिल्या क्रमांकासाठी मी सेंट जॉन्स्टनवर बोट ठेवतो. सोळा वर्षे अव्वल श्रेणीत राहिलेला, २०२१ मध्ये दोन्ही कप एकाच हंगामात जिंकलेला हा पर्थचा क्लब थेट तळाशी राहून घसरला, म्हणजे त्यांना निदान वाईट बातमी वेळेवर कळली आणि संघबांधणीला पूर्ण उन्हाळा मिळाला. रॉस काउंटीबद्दल मला दाट शंका आहे. लागोपाठ तीन वर्षे ते अकरावे आले, पार्टिकला आणि आम्हाला हरवून दोनदा वाचले आणि तिसऱ्यांदा लिव्हिंगस्टनकडून एकत्रित ३-५ असे हरले. तीन वर्षे सतत घाबरून खेळलेला संघ खालच्या श्रेणीत आला म्हणून लगेच निर्धास्त खेळू लागेल, असे मला वाटत नाही. दुसऱ्या क्रमांकासाठी मी पार्टिक, एअर आणि, मनावर दगड ठेवून सांगायचे तर, आमचे शेजारी डन्फर्मलिन यांना एका पंक्तीत बसवतो. नील लेनन यांच्यासारखा नावाजलेला प्रशिक्षक मार्चमध्ये आणून त्यांनी इरादा स्पष्ट केला आहे. रेथ गेल्या वर्षी पाचवे होते. बॅरी रॉबसन यांच्या हाताखाली वसंतात संघ नीट उभा राहिलेला दिसला, त्यामुळे चौथा क्रमांक शक्य आहे, पण चौथ्या क्रमांकाचे मोल काय हे वर लिहून बसलो आहे.

आर्ब्रोथ लगेच परत जातील असे बरेच जण धरून चालले आहेत, त्यांच्याशी मी सहमत नाही. २०१४ ते २०२४ या काळात लीग वन जिंकून वर आलेल्या अकरा संघांपैकी पुढच्याच वर्षी घसरलेला संघ एकच आहे, कोव्ह रेंजर्स. प्ले-ऑफमधून वर आलेल्या सहांपैकी मात्र तीन लगेच घसरले : २०१७ मध्ये एअर, २०१८ मध्ये ब्रेकिन आणि गेल्या हंगामात पंधरा गुणांच्या कपातीसह हॅमिल्टन. आर्ब्रोथ विजेते म्हणून आले आहेत. धोका मला अधिक दिसतो तो एअर्ड्रिओनियन्सना, जे मे महिन्यात नववे येऊन वाचले आणि वाचलेल्यांचा पुढचा हंगाम कसा जातो हे आपण पाहिलेच. आणि क्वीन्स पार्कला, ज्यांनी फेब्रुवारीत आयब्रॉक्सवर रेंजर्सना कपमधून बाहेर काढले आणि तरीही लीगमध्ये आठवेच राहिले. मॉर्टन कुठल्याही वर्षी सहावे किंवा नववे येऊ शकतात, त्यांच्याविषयी भाकीत करण्याचे मी सोडून दिले आहे.

हे सगळे मी पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना गेल्या शनिवारी लीग कपच्या सामन्याच्या मध्यंतरात ऐकवले. हातातली मटण भरलेली पेस्ट्री संपेपर्यंत त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, की तुझ्या वहीप्रमाणे आम्ही पहिले तरी यावे किंवा पाचवे तरी, असेच ना? मी हो म्हटले. ते म्हणाले की मग त्यांनी हंगामाचे तिकीट योग्य क्लबाचे काढले आहे, पाचवे येण्यात आमचा हात धरणारा कुणी नाही.